मे महिन्यात चालणारं घर जूनमध्ये का चालत नाही?

बाल कल्याण समित्या, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि महिला व बाल विकास विभाग यांना खुलं पत्र

प्रति,
बाल कल्याण समित्यांचे अध्यक्ष व सदस्य,
जिल्हा बाल संरक्षण कक्षांतले अधिकारी,
आणि विभागात या विषयाचे निर्णय घेणारे सर्व जण,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

शाळांना सुट्टी लागली की बालगृहांच्या फाटकाशी दरवर्षी तेच चित्र दिसतं. आई येते, मामा येतो, कुणाची आजी येते. अधीक्षकांच्या टेबलावर अर्ज, आधारची झेरॉक्स, रजिस्टरमध्ये सही किंवा अंगठा, आणि मूल आपली पत्र्याची पेटी उचलून एसटीत जाऊन बसतं. महिना-दीड महिना घरी राहतं. लग्नांना जातं, विहिरीत पोहतं, आजीच्या गोधडीत झोपतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तेच मूल, तीच पेटी, तेच रजिस्टर. मूल कुठे राहील हे ठरवणाऱ्या बाल कल्याण समितीसमोर फायलींचा गठ्ठा येतो आणि एका बैठकीत ढिगाने आदेश निघतात: ‘बालकास काळजी व संरक्षणाची गरज असल्याने संस्थेतील प्रवेश कायम ठेवण्यात येत आहे.’

मे महिन्यात जे घर या मुलाला चाललं, ते १५ जूनला का चालत नाही? आणि ते मे महिन्यातही धोक्याचं असेल, तर आपण त्याला तिकडे पाठवलंच कसं? दोन आदेशांपैकी एक चुकलेला आहे. कोणता, हे दरवर्षी कुणी विचारत नाही, म्हणून हे पत्र.

आम्ही गृहभेटींना जाणारे, अहवाल लिहिणारे, मुलांसोबत समितीबाहेरच्या बाकावर ताटकळणारे लोक आहोत. आदेशावर सही तुमची असते. पण तो आदेश ज्या कागदावर उभा असतो, तो आमच्यातल्याच कुणीतरी लिहिलेला असतो. त्यामुळे खालच्या तक्रारींतला काही वाटा आमच्या पदरात येतो, आणि तो आम्ही झटकत नाही.

आधी कायद्याचं. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ३७ प्रमाणे मुलाला बालगृहात ठेवण्यापूर्वी समितीला दोनपैकी एका निष्कर्षावर यावं लागतं. एक, कुटुंबाचा शोध लागत नाही. दोन, शोध लागूनही त्या घरी परत जाणं मुलाच्या हिताचं नाही. सुट्टीत घरी राहून आलेल्या मुलाच्या बाबतीत पहिला निष्कर्ष शक्यच नाही. मग दुसरा कशावरून काढला, ते आदेशात दिसायला हवं. ते क्वचितच दिसतं. कलम ९८ मधली रजा साधारणपणे एका वेळी सात दिवसांची आहे, तीही परीक्षा, नात्यातलं लग्न, कुणाचा मृत्यू, गंभीर आजार अशा प्रसंगांसाठी. दीड महिना घरी राहणाऱ्या मुलाला आपण ‘रजेवर’ म्हणतो, तेव्हा ते नेमकं घरातून रजेवर आहे की संस्थेतून, हे एकदा ठरवून टाकलेलं बरं.

याच अधिनियमाच्या कलम ३ मध्ये सोळा तत्त्वं आहेत आणि संस्था हा शेवटचा उपाय, हे त्यातलं एक. प्रशिक्षणांत ती पडद्यावर येतात, आम्ही वहीत उतरवून घेतो, मग चहा होतो.

गरिबी हे कारण लिहिणं थांबवा

प्रवेशाच्या कारणांत सर्वांत जास्त वेळा येणारं वाक्य म्हणजे ‘आर्थिक परिस्थिती हलाखीची’. काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक कोण, याची लांबलचक यादी कलम २(१४) मध्ये आहे. घर आहे, जीव लावणारी आई आहे, फक्त पैसा नाही, अशा मुलासाठी त्यात पोटकलम नाही. पर्यायी संगोपनाबाबत संयुक्त राष्ट्रांनी २००९ मध्ये स्वीकारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत तर स्पष्ट म्हटलं आहे की केवळ गरिबीमुळे मुलाला आईवडिलांपासून वेगळं करू नये. गरिबी दिसली तर कुटुंबाला मदत करावी.

मदतीची तरतूद नाही असंही नाही. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार संस्थेतल्या मुलामागे दरमहा ३,००० रुपये देखभाल खर्च मिळतो, इमारत आणि पगार वेगळे. त्याच योजनेत प्रायोजकत्वाखाली घरी राहणाऱ्या मुलाला दरमहा ४,००० रुपये आहेत. राज्याच्या बालसंगोपन योजनेत २,२५० रुपये आहेत. म्हणजे पैशाचं गणितसुद्धा घराच्या बाजूने आहे.

अडतं ते पुढे. प्रायोजकत्वासाठी ग्रामीण भागात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ७२,००० रुपये आहे, इतरत्र ९६,०००. दिवसाला ३०० रुपये हजेरी आणि महिन्याला २० दिवस काम धरलं तर वर्षाचे बरोबर ७२,००० होतात. म्हणजे जी विधवा बाई नेमाने कामाला जाते ती मर्यादेच्या काठावर, आणि चार दिवस जास्त भरले की बाहेर. मग उत्पन्नाचा दाखला ‘बसवून’ आणावा लागतो, हे तहसीलच्या बाहेर बसणाऱ्या प्रत्येक अर्जलेखकाला माहीत आहे.

त्यानंतर कागद: मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, शाळेचं बोनाफाईड, मुलाच्या नावचं आधारशी जोडलेलं खातं, घरासमोर उभं राहून काढलेला फोटो. मग मुलाला घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी समितीसमोर हजेरी. तालुक्याच्या टोकाच्या गावातून दोघांचं एसटीभाडं आणि बुडालेला रोज, असा तो दिवस जातो. एवढं करून पैसे जमा होतात ते सहा-सहा, आठ-आठ महिन्यांचे एकदम. ज्या महिन्यात वह्या घ्यायच्या होत्या त्या महिन्यात खातं रिकामं आणि नंतर अचानक एकरकमी रक्कम, जी उधारी फेडण्यात जाते. ‘दरमहा’ हा शब्द मंजुरीच्या आदेशात असतो, पासबुकात नसतो. याउलट बालगृहाचा प्रवेश एका दिवसात होतो. आई दमते आणि सोपा रस्ता धरते. त्याला आपण फायलीत ‘पालकांनी स्वेच्छेने’ असं लिहितो.

गृहचौकशी अहवाल

चौकशी आणि सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत व्हायला हवा, असं कलम ३६ सांगतं. पंधरा दिवस पुरतात. पण एकाच दिवशी तीन तालुक्यांतल्या सात भेटी आखल्या, तर वाट्याला वीस मिनिटं येतात आणि त्यातून असा अहवाल निघतो:

‘वडील मयत. आई मोलमजुरी करते. घर पत्र्याचे. आर्थिक परिस्थिती हलाखीची असल्याने व बालकाच्या शिक्षणाची आबाळ होत असल्याने संस्थेत प्रवेश देणे हितावह.’

नाव बदललं की हा अहवाल कुठल्याही मुलाला लागू पडतो. यात मूल काय म्हणालं ते नाही. आई कामाला गेल्यावर दुपारी त्याला कोण पाहतं ते नाही. शाळा किती लांब, मूल शाळेत का जात नाही, दप्तर नाही म्हणून, गुरुजी मारतात म्हणून की धाकटीला सांभाळायचं असतं म्हणून, ते नाही. आणि काय केलं तर हे मूल घरीच राहू शकेल, हा प्रश्न तर विचारलेलाच नाही.

भेट दोनदा व्हावी. एक कळवून, एक न कळवता; एक दिवसा, पालक कामावर असताना, आणि एक संध्याकाळी, चूल पेटण्याच्या वेळी. सरकारी गाडी वस्तीच्या बाहेर थांबवावी आणि फाइल पिशवीत ठेवावी, नाहीतर आपण गेल्यावर आठवडाभर त्या घराची चर्चा पुरते. घरात काय पाहायचं? किती माणसं आणि कोण कुठे झोपतं. दाराला आतून कडी आहे का. संडास किती लांब आणि रात्री मुलीबरोबर कोण जातं. संध्याकाळी शिजलेलं अन्न आहे का. गोळ्यांची पाकिटं कुणाची. ‘घर पत्र्याचे’ ही माहिती छताची झाली. ती मुलाबद्दल काहीच सांगत नाही.

मुलाशी एकटं बोलावं, आणि समोर बसवून मुलाखतीसारखं तर मुळीच नाही. हापशापर्यंत किंवा दुकानापर्यंत सोबत चालत गेलं की मूल बोलतं. अंगणवाडी सेविका, आशा, वर्गशिक्षक यांना विचारावं. किराणा दुकानदाराला विसरू नये: उधारीच्या वहीत त्या घराचा महिना जसा दिसतो तसा उत्पन्नाच्या दाखल्यात दिसत नाही. आणि लिहिताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात: डोळ्यांनी पाहिलं ते, कुणी सांगितलं ते (कुणी, हे लिहून), आणि आपलं मत. आज या तिन्हींची खिचडी होते आणि शेजारणीचा राग अहवालात ‘आईचे वर्तन संशयास्पद’ म्हणून उतरतो.

नातेवाइकांचा शोध हा तर बहुतेक अहवालांत एका ओळीचा मामला असतो: ‘इतर नातेवाईक सांभाळण्यास तयार नाहीत.’ कोण इतर? कुणाला विचारलं? बापाकडची माणसं मोजली जातात, आईकडची राहून जातात, कधी उलट. तीन पिढ्यांचा कुटुंबवृक्ष कागदावर काढायला अर्धा तास लागतो आणि हमखास एखादी मावशी, एखादा थोरला चुलतभाऊ त्यात सापडतो. मुलाला विचारावं, ‘तुला ताप आला तर कोणाकडे जातोस? दिवाळीत कुणाच्या घरी असतोस?’ त्याच्या उत्तरात येणारं नाव अर्जातल्या ‘पालक’ रकान्यात बहुधा नसतं.

ऊसतोडीचं वेगळं सांगायला हवं. दसरा-दिवाळीनंतर बीड आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतली कुटुंबं उचल घेऊन टोळीबरोबर निघतात, ती मार्च-एप्रिलला परततात. जानेवारीत गृहभेटीला गेलेल्या कार्यकर्त्याला कुलूप दिसतं आणि अहवालात येतं, ‘पालक आढळून आले नाहीत’. ते हरवलेले नसतात. ते कुठल्यातरी कारखान्याच्या हद्दीत, उसाच्या फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, असतात आणि मुकादमाचा नंबर गावात चौघांकडे तरी असतो. तो नंबर घेणं आणि ज्या जिल्ह्यात टोळी आहे तिथल्या बाल संरक्षण कक्षाला त्यांची भेट घेऊन यायला सांगणं, एवढंच काम आहे. अशा मुलाची गरज सहा महिन्यांची आहे. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समित्यांमार्फत चालणारी हंगामी वसतिगृहं आहेत, गावात राहिलेली आजी आहे. त्याला बालगृहात घालणं म्हणजे सहा महिन्यांच्या अडचणीवर दहा वर्षांचा उपाय करणं.

शिक्षणाची सोय हवी असेल तर आश्रमशाळा, सामाजिक न्याय विभागाची वसतिगृहं, कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयं आहेत. तिथे आईचं आईपण कागदावर शाबूत राहतं. बालगृहात येण्यासाठी मात्र मूल ‘गरजू’ आणि घर ‘असमर्थ’ ठरवावं लागतं, आणि तो शिक्का पुढे पुसत नाही.

मग कोणत्या मुलाला घरी पाठवू नये

वरचं वाचून सगळी मुलं घरी धाडा, असा अर्थ कुणी काढू नये. घाईघाईने घरी पाठवलेलं मूल महिन्याभरात मार खाऊन किंवा लग्न लावून दिलेलं सापडतं, हेही आमच्याच फायलींत आहे. आम्ही तीन प्रश्न वापरतो. आज रात्री हे मूल इथे सुरक्षित झोपेल का? नसेल, तर धोका माणसापासून आहे की परिस्थितीपासून? माणसापासून असेल, तर मुलाऐवजी त्या माणसाला घराबाहेर काढता येईल का?

तिसरा प्रश्न जवळजवळ कधीच विचारला जात नाही. दारू पिऊन आईला आणि मुलांना मारणारा बाप घरात राहतो आणि मूल संस्थेत जातं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मारणाऱ्याला घराबाहेर ठेवण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. कक्षातल्या विधी तथा परिविक्षा अधिकाऱ्याने आईला त्या अर्जापर्यंत नेणं हे बालसंरक्षणाचंच काम आहे.

लैंगिक अत्याचार करणारा त्याच घरात किंवा त्याच अंगणात आहे. घरचे लोक गुन्हा मागे घ्यायला दडपण आणत आहेत. मुलीच्या लग्नाची बोलणी झाली आहेत. विकण्याची किंवा वेठीला लावण्याची पार्श्वभूमी आहे. अंगावरच्या खुणा आणि सांगितलेलं कारण जुळत नाही. अशा ठिकाणी आई कितीही रडली तरी मूल त्या दिवशी परत जाऊ नये. या मुलांना बालगृहात जागा, समुपदेशकाचा वेळ आणि शांतता हवी असते, आणि तीच त्यांना मिळत नाही. कारण समुपदेशक शंभर मुलांच्या हजेरीत आणि तक्त्यांत अडकलेला असतो, ज्यातली कितीतरी मुलं मे महिन्यात घरी जाऊन येतात.

संस्थांचा मुद्दा इथेच येतो. अनुदान मुलामागे मिळतं. मंजूर संख्या भरली नाही तर अनुदान कमी, मान्यतेवर प्रश्न, कर्मचाऱ्यांच्या पगाराची ओढाताण. त्यामुळे जूनमध्ये संस्थेचे लोक वस्त्यांवर फिरून मुलं ‘आणतात’. मूल घरी नीट गेलं, हे ज्या यंत्रणेत संस्थेचं नुकसान ठरतं, तिथे संस्थांना दोष देऊन भागणार नाही. घरी गेलेल्या मुलाच्या पाठपुराव्याचे पैसेही संस्थेला मिळाले, तर हे चित्र बदलेल.

मुलाला विचारण्याची रीत

पोलीस, डॉक्टर, हेल्पलाइनवाले, समुपदेशक, अधीक्षक आणि शेवटी समिती: एका मुलीला एकच गोष्ट सहा वेळा सांगावी लागते. समितीने आधी फाइल वाचावी आणि फाइलमध्ये नाही तेवढंच विचारावं. ‘तू असं का केलंस?’ हा प्रश्न टाळावा. ‘का’ ऐकलं की मुलाला ओरडा वाटतो. ‘मग काय झालं?’ पुरतं. पाच सदस्य टेबलापलीकडे आणि मूल अलीकडे एकटं उभं, ही मांडणी बदलायला खर्च नाही. पारधी, गोरमाटी, भिली, कोरकू बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीत विचारायचं आणि ते गप्प राहिलं की ‘बालक माहिती देण्यास असमर्थ’ लिहायचं, हे थांबवावं. दुभाषा बोलावता येतो.

शब्दांचंही तेच. ‘पळपुटा’, ‘बेवारस’, ‘सुधारगृहातला’. कलंक लावणारे शब्द वापरू नयेत, हेही त्या सोळा तत्त्वांतच आहे, आणि ‘पळून आलेला’ आणि ‘मार चुकवून निघून आलेला’ या दोन नोंदींवरून दोन वेगळे आदेश निघतात.

आराखडा कुणाचा

वैयक्तिक काळजी आराखडा, आपल्या बोलण्यातला आयसीपी, हा केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांतला नमुना ७. त्यात पहिले तीन महिने दर पंधरवड्याला आणि पुढे दर महिन्याला प्रगतीची नोंद अपेक्षित आहे. सुटण्याआधीचा अहवाल आहे, घरी गेल्यानंतरच्या पाठपुराव्याचा भागही आहे. प्रत्यक्षात फायलीत काय असतं? ‘शिक्षण सुरू ठेवणे. समुपदेशन करणे. आरोग्य तपासणी करणे.’ चाळीस मुलं, चाळीस आराखडे, तीच तीन वाक्यं. काही ठिकाणी मुलाच्या आराखड्यात ‘तिला’ असं राहून गेलेलं असतं, कारण आधीची फाइल मुलीची होती.

खरी नोंद अशी दिसते: ‘इयत्ता पाचवी. दुसरीच्या पुस्तकातला उतारा बोट ठेवून, अडखळत वाचतो. हातच्याची वजाबाकी येत नाही. फळ्यावरचं उतरवताना डोळे बारीक करतो. नेत्रतपासणी या आठवड्यात, जबाबदारी परिचारिकेची. रोज ४० मिनिटं वाचन, संध्याकाळी गृहमातेबरोबर. सहा आठवड्यांनी तोच उतारा पुन्हा वाचून घेणे. आईचा फोन रविवारी ११ वाजता. मागचे दोन रविवार आला नाही, कारण विचारणे.’ पाच-सहा ओळी. पण यात काम कुणाचं, कधीपर्यंत आणि जमलं की नाही हे कसं कळणार, हे सगळं आहे. समितीने मुदतवाढ देताना हा कागद मागितला, तर तो लिहिला जाईल. मागत नाही म्हणून लिहिला जात नाही.

भावंडं

कलम ३९ म्हणतं, भावंडांना एकत्र ठेवा, हिताविरुद्ध असेल तरच वेगळं करा. आपली व्यवस्था मात्र वयाची आणि मुलगा-मुलगीची: सहा वर्षांखालचा शिशुगृहात, बहीण मुलींच्या बालगृहात, थोरला मुलांच्या, आणि कधी कधी तीन वेगळ्या तालुक्यांत. वेगळं करणं अटळच असेल तर आदेशातच लिहा: महिन्यातून एकदा प्रत्यक्ष भेट, आठवड्याला ठरलेल्या वारी फोन, प्रवासखर्च कोण देणार. आज भावंडांची भेट होते ती रक्षाबंधनाला, फोटोसाठी.

फोटोंवरून: देणगीदाराचा वाढदिवस, केक आणि मागे रांगेत उभी मुलं, हे व्हॉट्सअॅपवर फिरतं. कलम ७४ खाली ओळख उघड करण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. नोटीस बोर्डावर हे कलम लावलेल्या खोलीतच ते फोटो काढलेले असतात.

घरी सोडल्यानंतरचे नव्वद दिवस

पुनर्स्थापना म्हणजे हमीपत्रावर सही, ताबापावती आणि फाटकाशी फोटो, असं झालं आहे. मोडतं ते नंतर. शाळा सोडल्याचा दाखला संस्थेतच राहतो आणि गावातली शाळा मुलाला दारातून परत पाठवते. फिटच्या किंवा क्षयाच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या दिलेल्या असतात, पुढच्या कुठून घ्यायच्या ते आईला कुणी सांगितलेलं नसतं. संस्थेने काढलेल्या बँक खात्याला अधीक्षकांचा मोबाइल जोडलेला असतो. दोन महिन्यांनी मूल परत येतं आणि फायलीत शेरा पडतो, ‘कुटुंब सांभाळण्यास असमर्थ’.

सोडण्याआधी एक रात्र घरी, मग शनिवार-रविवार, मग आठवडा, असं वाढवत न्यावं. निघताना पिशवीत दाखला, आधार, लसीकरण कार्ड, औषधाची चिठ्ठी आणि जवळच्या आरोग्य केंद्राचं नाव, आणि एका माणसाचा फोन नंबर असावा. कार्यालयाचा लँडलाइन चालणार नाही. भेटी सातव्या, तिसाव्या, साठाव्या आणि नव्वदाव्या दिवशी. सातव्या दिवसाची सर्वांत महत्त्वाची, कारण पहिला कौतुकाचा आठवडा तेव्हा सरलेला असतो.

आणि अठरावं वर्ष. गुरुजींनी शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की १ जून टाकली, हे महाराष्ट्रात घराघरांत आहे. संस्थांतली कित्येक मुलं त्यामुळे एकाच दिवशी, १ जूनला, सज्ञान होतात: बारावी नुकतीच झालेली, पुढचा प्रवेश अजून व्हायचा, आणि बालगृहाचं दार बंद. अनुरक्षणाची, म्हणजे अठरानंतरच्या आधाराची, सोय साधारण २१ वर्षांपर्यंत आहे. पण तिचा अर्ज, अनाथ असेल तर राज्याच्या एक टक्का आरक्षणासाठीचं अनाथ प्रमाणपत्र, मतदार नोंदणी, राहायची जागा, याची तयारी सोळाव्या वर्षी सुरू व्हायला हवी. आज ती मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होते.

आमच्या बाजूचं

मिशन वात्सल्यमधली बहुतेक पदं कंत्राटी आहेत. माणूस वर्ष-दोन वर्षांत जातो आणि त्याच्याबरोबर मुलांची माहिती जाते. नवा माणूस मुलाला पहिल्यापासून विचारायला लागतो. गृहभेटी स्वतःच्या दुचाकीवर होतात आणि पेट्रोलची बिलं महिनोन्महिने पडून राहतात. समितीत जागा रिक्त असल्या की शेजारच्या जिल्ह्याच्या समितीकडे अतिरिक्त कार्यभार जातो. मग कायद्यातले महिन्याचे किमान वीस दिवस कामकाज कागदावर आणि अंतिम आदेशासाठी लागणारे तीन सदस्य कधी जमतील याची वाट पाहणं. दत्तकासाठी मुक्त, म्हणजे दत्तक देता येईल असं, घोषित करायची मुदत दोन वर्षांपर्यंतच्या बाळाला दोन महिने आणि मोठ्या मुलाला चार महिने आहे. तीही इथेच अडते. आता दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात, म्हणून पुढचा रस्ता लहान झाला, पण मूल त्या रस्त्याला लागायलाच उशीर होतो.

आमच्या मागण्या:

१. या वर्षी सात दिवसांपेक्षा जास्त घरी राहून आलेल्या प्रत्येक मुलाची फाइल स्वतंत्रपणे पाहावी. संस्थेत ठेवायचं असेल तर कलम ३७ प्रमाणे कारण आदेशात लिहावं. ‘आर्थिक परिस्थिती’ एवढंच कारण ग्राह्य धरू नये.

२. नवीन प्रवेशाच्या अहवालात दोन भेटींच्या तारखा, मुलाचं स्वतःचं म्हणणं आणि विचारलेल्या नातेवाइकांची यादी नसेल, तर तो परत पाठवावा. स्थलांतरित कुटुंबाची भेट टोळी असेल तिथे व्हावी.

३. बालसंगोपन आणि प्रायोजकत्वाची रक्कम दरमहा, ठरलेल्या तारखेला जमा व्हावी. समितीने तालुक्याच्या ठिकाणी ठरलेल्या दिवशी बैठक घ्यावी, म्हणजे आईचा रोज बुडणार नाही.

४. घरी गेलेल्या मुलाच्या चार भेटींचा खर्च संस्थेला किंवा कक्षाला स्वतंत्र लेखाशीर्षातून मिळावा.

५. एका कार्यकर्त्याकडे एका वेळी २५ पेक्षा जास्त चालू फायली नसाव्यात, आणि तो सोडून जाताना प्रत्येक मुलाची एक पानी हस्तांतरण नोंद सक्तीची असावी.

६. दर तिमाहीला प्रत्येक जिल्ह्याने, कुठल्याही मुलाचं नाव न येऊ देता, पाच आकडे जाहीर करावेत: किती मुलं आली, किती घरी गेली, किती परत आली, किती भावंडं वेगळी आहेत, अनुदान किती महिने थकलं आहे.

पहिल्या दोन मागण्यांना नवा निधी लागत नाही, नवा शासन निर्णयही लागत नाही. जूनच्या बैठकांचा गठ्ठा टेबलावर येईल तेव्हा त्यातली वरची फाइल उघडून, समोरच्या मुलाला ‘सुट्टीत घरी काय काय केलंस?’ एवढं विचारून सुरुवात करता येईल. त्या दिवशी बाहेरच्या बाकावर आम्ही असूच.

आपले,
गृहभेटी करणारे आणि फायली लिहिणारे काही जण